अर्जातला सातवा प्रश्न

डॉक्टर इमेल्डा क्वर्क पहिल्यांदा वेल्समधल्या कूम हेस्गिन वस्तीच्या हॉलमध्ये आली, तेव्हा नेरिस प्रोबर्टनं तिच्यापुढे चहा ठेवला, पण केक ठेवले नाहीत. सकाळीच तव्यावर भाजलेले वेल्श केक ओट्यावर होते. नेरिसनं त्यांच्यावर फडकं टाकलं. विद्यापीठाच्या माणसांचा तिला एकदा अनुभव आला होता आणि तो तेवीस वर्षं तिच्या घशात अडकून होता.

इमेल्डा आयरिश होती, विद्यापीठात संशोधक, पस्तिशीतली, पावसाळी बूट घालून आलेली. तिनं पिशवीतून आठ पानांचा अर्ज काढून टेबलावर पसरला. एक धर्मादाय संस्था वस्त्यांना लहान लहान अनुदानं देत होती. लोकांनी आपल्या आरोग्याचा प्रश्न आपणच शोधावा, विद्यापीठानं फक्त मदत करावी, अशी त्यांची अट होती. हॉलच्या मागच्या उतारावरचे भाजीचे वाफे, तिथली माती, तिथल्या भाज्या लोकांनीच तपासायच्या, असं इमेल्डाच्या मनात होतं. जुना जस्ताचा कारखाना इथून जेमतेम अर्ध्या मैलावर होता. तो पाडून पस्तीसहून अधिक वर्षं झाली होती, पण त्याची राख कुठं कुठं गेली हे कुणी बघितलं नव्हतं.

"इथे 'वस्तीतला भागीदार' असं लिहिलंय," नेरिसनं चष्म्यातून वाचलं. "म्हणजे आमचं मंडळ. आणि सही झाली की आमचं काम संपलं, असंच ना?"

"नाही हो. सगळं तुम्हीच ठरवायचं."

"असं मागचेही म्हणाले होते."

नेरिसच्या शेजारी मेरियन हॉपकिन बसला होता. वय सत्त्याहत्तर, वस्तीच्या मंडळाचा गेली तीस वर्षं सचिव, त्याआधी त्याच कारखान्यात मुकादम. नेरिसच्या वडिलांबरोबर त्यानं भट्टीवर काम केलं होतं, म्हणून ती अठ्ठावन्न वर्षांची झाली तरी त्याला मेरियनकाकाच म्हणायची.

"डॉक्टरबाई," मेरियन म्हणाला, "दोन हजार एक साली चॅपलच्या दारात गाडी उभी राहिली होती. पांढरे कोट घातलेली चार माणसं. आमच्या अडतीस पोरांचं रक्त काढलं, मातीचे डबे भरले, जाम मजेत आमचा चहा प्यायले. आणि पुढे? ना पत्र, ना फोन. हिच्या गेथिनला सुई टोचली तेव्हा तो सात वर्षांचा होता. आता तिशीचा झालाय. अजून निकालाची वाट बघतोय."

"त्या अभ्यासाबद्दल मला काहीच माहीत नाही," इमेल्डा म्हणाली.

"माहीत असून कसं चालेल?" मेरियन हसला.

ती गेल्यावर नेरिसनं फडकं काढलं आणि दोघांनी दोन-दोन केक खाल्ले. "सही करू नकोस, पोरी," मेरियन म्हणाला. "हिला आपल्या जिवावर पुस्तक लिहायचंय, दुसरं काही नाही."

नेरिसलाही तसंच वाटत होतं. पण अर्ज तिनं परत दिला नाही. घरी नेला, जेवणाच्या टेबलावर ठेवला, आणि शाळेच्या जेवणघरातल्या नोकरीत पुरवठादारांची बिलं तपासायची तशी एकेक ओळ बोटानं धरून वाचत बसली. उतारावरचे खालचे वाफे कित्येक वर्षं बंद होते, ते पुन्हा उघडा म्हणून वस्तीतली नवी कुटुंबं मागे लागली होती. पंधरा जण रांगेत होते. मंडळाच्या प्रत्येक बैठकीत विषय निघायचा आणि प्रत्येक वेळी मेरियन म्हणायचा, खाली ओल आहे, भिंत ढासळलीय, कुणाच्या अंगावर पडली तर जबाबदार कोण? त्यामुळे माती एकदा तपासलेली बरी, असं नेरिसला आतून वाटत होतं. फक्त तपासणारी ही बाई नको होती.

पुढच्याच आठवड्यात मेरियन धापा टाकत तिच्या दाराशी आला.

"चल. आत्ताच्या आत्ता चल. तुझी डॉक्टरबाई बघ काय करतेय."

दोघं उतारावरून खाली गेले. बंद वाफ्यांच्या भिंतीमागे इमेल्डा गुडघ्यांवर बसली होती. हातात छोटं खुरपं, शेजारी तीन कागदी पिशव्या, मातीनं भरलेल्या. त्यांना बघून ती उठली आणि तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला.

"कुणाला विचारून?" नेरिसनं विचारलं.

"कुणालाच नाही."

"का?"

"मातीत काही नसेलच तर उगाच तुमच्याकडून अर्ज भरून घ्यायचा, तुमचा वेळ घालवायचा... म्हणून आधी बघावं म्हटलं." ती थांबली. "नाही, हे कारण पुरेसं नाही. विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

"बघितलंस?" मेरियन नेरिसकडे वळला. "अर्जावर सहीसुद्धा नाही आणि हिनं खणायला सुरुवात केली! ओत ती माती खाली. ओत!"

इमेल्डानं तिन्ही पिशव्या जागच्या जागी रिकाम्या केल्या. मेरियन त्या रिकाम्या पिशव्याही मागून घेऊन गेला. एवढा राग नेरिसनं त्याच्या अंगी कधी पाहिला नव्हता. म्हातारा झालाय, तिला वाटलं.

मेरियन दिसेनासा झाल्यावर ती इमेल्डाला म्हणाली, "अर्जात सातवा प्रश्न आहे. वाचलाय ना?"

इमेल्डाला तो पाठ होता. या वस्तीत पूर्वी आरोग्याचं संशोधन झालं आहे काय, आणि त्याचे निष्कर्ष लोकांपर्यंत पोचले काय.

"त्याचं उत्तर घेऊन या," नेरिस म्हणाली. "आमच्या पोरांच्या रक्ताचं काय झालं ते शोधा. सापडलं तर अर्जाचं बोलू. नाही सापडलं तर या उतारावर पुन्हा दिसू नका."

ही बाई आता परत येत नाही, अशी तिची खात्री होती. तिनं तसं गेथिनला फोनवर सांगितलंही. गेथिन लाकूडकाम करायचा, हात सोन्याचे, पण लिहायची वेळ आली की अजून आईला फोन लावायचा. शाळेत असताना अक्षरं त्याच्यापुढे नाचायची. नेरिस त्याला स्वयंपाकघरात बसवून एकच ओळ वीस वेळा लिहायला लावायची, तो रडायचा, तीही ओरडायची. त्या दिवसांचा विषय दोघंही कधी काढत नसत.

तीन आठवड्यांनी इमेल्डा आली, ती हॉलमध्ये नाही, सरळ नेरिसच्या घरी. बसलीसुद्धा नाही.

"तो अभ्यास करणारे प्राध्यापक निवृत्त होऊन लांब समुद्रकाठी राहतात," ती म्हणाली. "मी त्यांच्याकडे जाऊन आले. त्यांनी जुनी फाइल काढून दिली. नेरिस, निकाल पाठवले होते. दोन हजार एकच्या ऑक्टोबरमध्ये. प्रत्येक मुलाच्या घरासाठी एक बंद पाकीट, आणि वर एक अहवाल. परवानगी मंडळामार्फत घेतली होती, म्हणून सगळा गठ्ठा मंडळाकडे आला."

"खोटं आहे."

इमेल्डानं कागद पुढे केला. टपालाच्या पोचपावतीची प्रत होती. खाली सही होती. मोठा एम, शेपूट लांब ओढलेली. हॉलच्या प्रत्येक नोटिशीखाली नेरिसनं ती सही तीस वर्षं पाहिली होती.

आधी तिला वाटलं, या बाईनंच हे बनवलं असणार. सह्या काय, हल्ली कुणाच्याही उचलता येतात. ती तसं म्हणालीही. इमेल्डानं अहवालाचीही प्रत पुढे केली. नेरिसनं ती वाचायला घेतली. खालच्या वाफ्यांच्या मातीत शिशाचं प्रमाण फार जास्त. तिथली गाजरं, बीट, बटाटे या भाज्या मुलांना देऊ नयेत. काही मुलांच्या रक्तातही शिसं आढळलं आहे. सोबतच्या पाकिटांतल्या सूचनेप्रमाणे त्यांना डॉक्टरांकडे न्यावं. तारीख होती ऑक्टोबरची. आणि खालचे वाफे भिंत ढासळली म्हणून बंद झाले होते ते त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. नेरिसला तो दिवस आठवत होता, कारण तिची अर्धी गाजरं जमिनीतच राहिली होती आणि ती मेरियनशी भांडली होती.

भिंत आजपर्यंत उभी होती. त्या दिवशी तिच्याच मागे तर इमेल्डा बसली होती.

नेरिसनं कोट चढवला. "तुम्ही इथंच थांबा," ती म्हणाली.

मेरियन परसात लीक कांद्याच्या रोपांना माती लावत होता. नेरिसनं पोचपावती त्याच्यापुढे धरली. त्यानं हात पुसले, चष्मा शोधला, कागद वाचला, परत वाचला. मग घरात गेला. नेरिस त्याच्यामागे. त्यानं मधल्या खोलीतल्या कपाटाच्या तळातून एक तपकिरी गठ्ठा काढला. सुतळी तशीच बांधलेली होती.

"जाळायचा होता," तो म्हणाला. "नाही जाळवला."

"तुम्ही तेवीस वर्षं माझ्यासमोर त्यांना शिव्या देत बसलात. माझ्या चहावर."

"राख मी आणली होती, नेरिस." तो खुर्चीवर बसला. "कारखाना पाडला तेव्हा. खालच्या वाफ्यांत पाणी साचायचं, तुझा बापच म्हणाला काहीतरी भराव घाल. मी अकरा ट्रक फुकट आणले. सगळ्यांनी पाठ थोपटली माझी. आणि मग हे पत्र आलं. काय सांगणार होतो मी? तुमच्या पोरांना मी विष घातलं?"

"सांगायचं होतं."

"वाफे बंद केले ना मी! लगेच केले. एक महिनासुद्धा थांबलो नाही."

"आणि पोरांचं काय? डॉक्टरकडे न्या असं लिहिलंय यात. कोण नेणार होतं? आम्हाला माहीतच नव्हतं!"

नेरिसनं सुतळी सोडली आणि पाकिटं मोजायला लागली. का मोजली ते तिलाही सांगता आलं नसतं. आता या माणसाच्या हातातली कुठलीही वस्तू मोजल्याशिवाय घ्यायची नाही, एवढंच तिच्या मनात होतं. सदतीस भरली. तिनं पुन्हा मोजली.

"अडतीस पोरं होती," ती म्हणाली.

तिनं नावं वाचत पाकिटं टेबलावर मांडली. बेवन, प्रोबर्ट, ट्रेहार्न, दोन लुएलिन. हॉपकिन नव्हतं. मेरियनची नात लोरी तेव्हा सहा वर्षांची होती, आजोबांच्याच घरी वाढत होती. तिनं रक्त दिलं होतं, चॅपलच्या दारात गेथिनच्या पुढे तीच उभी होती.

"लोरीचं उघडलंत," नेरिस म्हणाली.

"हो."

"डॉक्टरकडे नेलंत."

"शहरातल्या. दोन वर्षं औषधपाणी, तपासण्या... बरी झाली ती."

लोरी आता कार्डिफमध्ये औषधांच्या दुकानात होती, पदवी घेतलेली. तिच्या पदवीच्या पार्टीला नेरिसनं तीन ट्रे केक करून दिले होते. राख आणली हे तिला कळू शकत होतं. घाबरला हेही कळू शकत होतं. पण अडतीसातलं एक पाकीट शोधून काढायचं आणि बाकीच्यांना पुन्हा सुतळी बांधायची, हे ज्या हातांनी केलं ते हात समोर मातीनं माखलेले होते आणि ती त्यांच्याकडे बघू शकत नव्हती.

"उद्या दहाला," ती शेवटी म्हणाली, "तुम्ही ही पाकिटं घरोघर द्यायची. तुम्ही स्वतः. मी बरोबर येईन. मला तुमच्यावर भरवसा नाही, म्हणून येईन."

प्रोबर्टचं पाकीट मात्र तिनं तेव्हाच खिशात घातलं.

गेथिन संध्याकाळी कामावरून सरळ तिच्याकडे आला. त्यानं पाकीट फोडलं आणि सवयीप्रमाणे कागद आईकडे दिला. नेरिसनं वाचून दाखवलं. आकडा होता, आणि खाली लिहिलं होतं की हे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या वर आहे, तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी करावी, आणि मुलाच्या शाळेतल्या प्रगतीकडे लक्ष ठेवावं.

"म्हणजे," गेथिन हळूच म्हणाला, "माझं ते लिहायचं... यामुळे?"

"माहीत नाही रे. आता कुणालाच सांगता यायचं नाही."

तो हसला. "वीस-वीस वेळा लिहायला लावायचीस तू." मग तो उठून नळाशी गेला, ग्लासभर पाणी ओतलं आणि न पिता तसाच आईकडे पाठ करून उभा राहिला. नेरिस त्याच्याजवळ गेली. त्याच्या खांद्याला हात लावावा की नाही हे तिला ठरवता येईना. त्यानंच हात मागे करून तिचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी ती आणि मेरियन दारोदार हिंडले. छत्तीस पाकिटांपैकी चौदा वस्ती सोडून गेलेल्यांची होती. त्यांची पाकिटं इमेल्डानं पत्ते शोधून पाठवायची ठरली. उरलेल्या दारांवर मेरियन टोपी काढून उभा राहायचा आणि एकच वाक्य म्हणायचा, "हे माझ्याकडे राहिलं होतं." पहिल्या दारावर नेरिसनं त्याला मध्येच तोडलं. "राहिलं नव्हतं. लपवलं होतं. नीट सांगा." पुढच्या दारापासून तो नीट सांगू लागला. मिसेस बेवननं पाकीट घेऊन दार त्याच्या तोंडावर आपटलं. डाय ट्रेहार्ननं त्याला घरात बोलावून बसवलं, पत्र वाचलं, त्यात काळजीचं काही नव्हतं, आणि तरीही त्याला बाहेर काढलं. एका आईची मुलगी मोटारसायकलच्या अपघातात केव्हाच गेली होती. तिनं पाकीट न फोडता छातीशी धरलं आणि विचारलं, "यावर तिचं नाव आहे का?" मेरियन तिथं पायरीवरच बसला. त्याला उठवायला नेरिसला हात द्यावा लागला, आणि तो हात देताना तिला स्वतःचाच राग आला.

अर्जाची मुदत संपायला पाच दिवस उरले होते. सातवा प्रश्न लिहायला तिघं हॉलमध्ये बसले. मेरियन म्हणाला, "टपालात काहीतरी गोंधळ झाला असं लिहिलं तर? संस्थेला काय करायचंय आतल्या गोष्टींशी? हे वाचून ते पैसे देतील का?"

"नसतील देणार तर नको," नेरिस म्हणाली आणि इमेल्डाकडे वळली. "तुम्हाला काय वाटतं? खरं सांगा. तुमची नोकरीही यावर आहे."

"मलाही भीती वाटते," इमेल्डा म्हणाली. "पण टपालाचा गोंधळ लिहिलात तर मी सही करणार नाही."

नेरिसनं तिच्याकडे जरा वेळ निरखून बघितलं. मग लिहायला घेतलं: पूर्वी अभ्यास झाला. निकाल आमच्या मंडळापर्यंत पोचले. आमच्या सचिवांनी ते लपवले. म्हणून या वेळी निकाल कुणा एकाकडे येणार नाहीत. विद्यापीठाकडेही आधी राहणार नाहीत आणि मंडळाकडेही नाहीत. एकाच दिवशी, प्रत्येक दारात, दोन माणसांच्या हातून जातील. त्याच्या पुढच्या ओळीत तिनं हेही लिहिलं की विद्यापीठाच्या संशोधकानं एकदा न विचारता माती घेतली होती, ती परत ओतायला लावली आहे. इमेल्डानं ती ओळ वाचली, ओठ दाबले, आणि खाली सही केली. मेरियननंही केली, आणि सचिवपदाच्या राजीनाम्यावरही केली.

मार्चमध्ये संस्थेतून फोन आला. एका बाईनं नेरिसला तासभर प्रश्न विचारले, त्यातला अर्धा तास सातव्याच प्रश्नावर. अनुदान मिळालं. मागितलं होतं त्याहून थोडं कमी, पण मिळालं.

मग अडचण आली ती नकाशाची. राख कुठं कुठं पडली हे कुठल्याच कागदावर नव्हतं. अकरा ट्रक कुठं रिकामे केले ते फक्त मेरियनला माहीत होतं. नेरिस दोन दिवस त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्या दिवशी तिनं दार वाजवलं.

तो काठी टेकत उतारावर फिरला. इथं तीन ट्रक. इथं दोन. या सफरचंदाच्या झाडाखाली नाही, इथं मूळचीच माती आहे. गेथिन खुंट्या ठोकत होता आणि नेरिस वहीत मांडत होती. मेरियन घरी गेल्यावर ती इमेल्डाला म्हणाली, "तो जिथं नाही म्हणाला ना, तिथलीही घ्या. तिथलीच आधी घ्या."

जूनमध्ये निकाल आले. नेरिस आणि मिसेस बेवन, गेथिन आणि डाय, असे जोडीजोडीनं ते एका दुपारी सगळ्या दारांत देऊन आले. मेरियननं दाखवलेल्या प्रत्येक जागी शिसं होतं, आणि जिथं नाही म्हणाला होता तिथं नव्हतं. सफरचंदाच्या झाडाखालची माती अगदी स्वच्छ होती. म्हातारा या वेळी शब्दन् शब्द खरा बोलला होता. नेरिसनं तो तक्ता हॉलच्या ओट्यावर ठेवून परत एकदा वरपासून खालपर्यंत तपासला, कुठंतरी मेरियन खोटा ठरेल असा एक आकडा सापडेल या आशेनं. सापडला नाही. याचा आपल्याला आनंद व्हायला हवा, असं तिला वाटत राहिलं, आणि ती इमेल्डाच्या कपात चहा ओतू लागली.